भुशी डॅमला ४६ जणांची सहल: पाण्याचा अंदाज कसा घ्यायचा, बसायचं कुठे?

सहलमंत्री:

मंडळी, नमस्कार.

आमच्या सोसायटीची (सिंहगड रस्ता, पुणे) पावसाळी सहल जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लोणावळ्याच्या भुशी डॅमला न्यायचं घाटतंय. एकूण ४६ जण, त्यांत दहा वर्षांखालची ११ मुलं आणि साठीपुढचे ७. एक मोठी बस. २०२४ च्या दुर्घटनेमुळे अर्धी सोसायटी "तिकडे नकोच" म्हणते. उरलेली अर्धी म्हणते, "पायऱ्यांवर बसायला काय होतंय, सगळं पुणं बसतं." दोन्ही बाजूंकडे व्हॉट्सअॅपवरच्या व्हिडिओंपलीकडे माहिती नाही, म्हणून इथे विचारतो.

१. पायऱ्यांवरून किती पाणी वाहत असेल तर मुलांना बाहेर काढायचं? "जास्त वाटलं तर" असं नको, मोजता येईल असं काही सांगा.
२. भिंत इंग्रजांच्या काळातली आहे. एवढी गर्दी आणि वरून पूर, ती फुटण्याची भीती कितपत?
३. पाणी अंगावर घेण्याइतकं स्वच्छ असतं का? एका काकांना मधुमेह आहे आणि पायाची जखम अजून भरलेली नाही.
४. लाइफ जॅकेट, दोरी वगैरे न्यावं का?

शनिवारशिवाय सगळ्यांना जमत नाही, तेही लक्षात घ्या.

घाटमाथा:

आधी एक गैरसमज दूर करतो. ३० जून २०२४ ची दुर्घटना पायऱ्यांवर झाली नाही. धरणाच्या मागच्या डोंगरातून जलाशयात उतरणाऱ्या धबधब्यात ती झाली. एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत चार मुलं होती. प्रवाहाच्या मधोमध खडकावर उभे असताना पाणी वाढलं आणि दोन्ही काठांकडे जायची वाट बंद झाली. व्हिडिओत हे स्पष्ट दिसतं, पण पुढे पाठवणाऱ्यांनी त्याला "भुशीच्या पायऱ्या" करून टाकलं. यातून घ्यायचं ते असं की भिंतीच्या खालची बाजू आणि मागची बाजू या दोन वेगळ्या जागा आहेत. तुमच्या सहलीत मागच्या बाजूला कोणीही जाणार नाही, हे बसमध्येच सांगून टाका. जलाशयाचा काठ निसरडा आहे, तळाशी गाळ आहे आणि खोली एकदम वाढते. पोहता येणारेही तिथे बुडतात.

आता पाऊस. पुण्याचा अंदाज पाहून निघू नका. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पडतो, लोणावळ्यात चार हजारांच्या पुढे. त्यामुळे सिंहगड रस्त्यावर भुरभुर असताना भुशीला धो-धो असणं हे नेहमीचंच. हवामान खातं हल्ली पुण्याच्या घाटभागासाठी वेगळा इशारा देतं, तो पाहा. खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीपासून "जोरदार", ११५.६ पासून "अति जोरदार" आणि २०४.५ च्या पुढे "अत्यंत जोरदार". घाटभागाला नारंगी किंवा लाल इशारा असेल तर सहल रद्द. बसचे पैसे गेले तर जाऊ देत. पिवळा असेल तर जा, पण मग खाली कोणी मोजमापाचं लिहिलं तर ते नीट वाचा.

निघायच्या आधी आणि पोचल्यावर हवामान खात्याचं मुंबई रडारचं चित्र बघत राहा. कोकणातून ढगांचे पट्टे येताना त्यात दिसतात. कर्जत-खोपोलीवर गडद पट्टा असेल तर तो तुमच्याकडेच येतोय असं धरा.

शनिवारबद्दल: शनिवार-रविवारी सकाळी दहानंतर लोणावळा शहरातून भुशीकडे जाणारा रस्ता तुंबतो. आयएनएस शिवाजीच्या बाजूने जाणारा तो एकच रस्ता, लायन्स पॉइंटची गर्दीही त्यावरच. स्टेशनपासून अंतर सहा किलोमीटरच्या आसपास, पण कोंडीत दीड-दोन तास सहज जातात. हा नुसता वैताग नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे, कारण रुग्णवाहिकाही त्याच कोंडीत अडकते. शनिवारच हवा असेल तर आठला डॅमवर आणि साडेअकराला परत बसमध्ये. पोलीस गर्दी पाहून वाहनं मध्येच अडवतात. मोठ्या बसला तर आणखी आधी थांबवतात, तेव्हा ज्येष्ठांना चालावं लागेल हे धरून चला.

जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात मनाई आदेश काढतात (पूर्वी १४४ कलमाखाली, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ खाली). कोणती जागा बंद आणि किती वाजेपर्यंत प्रवेश, हे दर वर्षी बदलतं. आदल्या दिवशी ताजा आदेश पाहा.

सांडवा:

प्रश्न १ आणि २ चं उत्तर देतो. थोडं गणित आहे, पण ते टाळलं तर "जास्त वाटलं तर" एवढंच उरतं.

भुशीची भिंत म्हणजे जुन्या पद्धतीचा दगडी बांध. घाटातल्या वाफेच्या इंजिनांना पाणी लागायचं म्हणून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६० च्या दशकाच्या अखेरीस इंद्रायणीवर बांधला. दरवाजे नाहीत, धरण भरलं की पाणी माथ्यावरून पायऱ्यांवर. म्हणजे लोक ज्याला "डॅमच्या पायऱ्या" म्हणतात तो धरणाचा सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) आहे आणि आपण सांडव्यात बसतो. धरण भरलेलं असतं तेव्हाच पायऱ्यांवर पाणी येतं, आणि भरलेल्या छोट्या धरणात पुढचा लोंढा सामावून घ्यायला जागाच नसते. वर पडलेलं जवळजवळ तसंच्या तसं खाली येतं. त्यामुळे पायऱ्या सर्वांत मजेदार असतात तेव्हा उसंत सर्वांत कमी असते.

किती पाणी धोक्याचं? माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याची जाडी बघा. ढोबळ सूत्र असं: जाडी मीटरमध्ये घ्या, तिचा घन करा, ९.८१ ने गुणा आणि वर्गमूळ काढा. दर मीटर लांबीवरून सेकंदाला किती घनमीटर पाणी जातंय ते मिळतं.

जाडी ५ सेंमी: सेकंदाला सुमारे ३५ लिटर
८ सेंमी (घोट्याचं हाड): ७० लिटर
१५ सेंमी: १८० लिटर
२५ सेंमी (पोटरीचा मध्य): ३९० लिटर

घोट्यापासून पोटरीपर्यंत पाणी तिप्पट चढलं, पण प्रवाह साडेपाच पट झाला. डोळ्यांना ही वाढ "थोडंसंच वाढलंय" अशी वाटते. फसगत इथेच होते.

वाहत्या पाण्यात माणूस किती टिकतो याचे ऑस्ट्रेलियातल्या पूर-अभियांत्रिकीत मोजून ठरवलेले आकडे आहेत. खोली (मीटर) गुणिले वेग (मीटर प्रतिसेकंद) हा गुणाकार मुलांसाठी ०.४ आणि मोठ्यांसाठी ०.६ च्या आत हवा. अगदी लहान मुलं आणि अशक्त वृद्ध यांच्यासाठी सुरक्षित मर्यादाच धरलेली नाही. शिवाय वेग सेकंदाला ३ मीटरच्या वर गेला की खोली कितीही कमी असली तरी धोका. हा गुणाकार म्हणजेच वर काढलेला दर मीटरचा प्रवाह. म्हणजे पोटरीभर पाणी (०.३९) ही मुलांची कमाल मर्यादा, तीही सपाट, कोरड्या पकडीच्या जमिनीवर. शेवाळलेल्या, उतरत्या दगडी पायऱ्यांवर ती मी निम्मीसुद्धा धरणार नाही. म्हणून माझा हिशेब:

माथ्यावर घोट्याइतकं किंवा कमी पाणी असेल तर कडेच्या, तळाकडच्या पायऱ्यांवर बसा. घोट्याच्या वर चार बोटं गेलं की मुलं आणि ज्येष्ठ बाहेर. पोटरीच्या मध्याला टेकायच्या आत सगळे बाहेर.

जाडी बघायला माथ्यावर चढू नका. बाजूच्या कोरड्या काठावरून, पाणी बाजूच्या भिंतीला जिथे लागतं तिथली एक खूण धरा: एखादा दगड, सांधा, रंगाचा डाग. एका माणसाला हेच काम द्या, त्याने भिजायचं नाही. दर दहा मिनिटांनी त्याने खूण बघायची. दोन बघण्यांच्या मध्ये दोन बोटं वाढ झाली तर शिट्टी, आणि शिट्टी म्हणजे चर्चा नाही.

किती झपाट्याने वाढू शकतं? समजा वरचा एकच चौरस किलोमीटर डोंगर भिजलेला आहे आणि ताशी ५० मिमीची सर आली. पावसाचं ८० टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर सेकंदाला ११ घनमीटर, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरच्या टँकरपेक्षा थोडं जास्त. सांडवा ५० मीटर लांब असेल तर फक्त एवढ्याने माथ्यावर १७ सेंमी जाडी तयार होते. घाटाच्या उभ्या उतारावर हे पाणी खाली पोचायला अर्धा तासही लागत नाही. आणि सर वरच्या डोंगरावर पडतेय, तुमच्या डोक्यावर ऊन आहे, हेही होतं.

आकडे विसरलात तर चार खुणा बघा: पाण्याचा रंग पारदर्शकावरून चहासारखा होणं, काड्या-पानं वाहून येणं, आवाज जाड होणं, आणि आधी कोरडे असलेले दगड ओले होणं. यातली एकही दिसली तर निघा, दुसरीची वाट बघू नका.

कुठे बसायचं: कडेला. मधोमध बसलात तर दोन्ही बाजूंना शे-दीडशे माणसं आणि सगळ्यांना एकदम उठायचं असतं. चेंगराचेंगरीत घसरणं हीच पायऱ्यांवरची खरी दुखापत. रांगेत खेटून बसलेल्या माणसांमुळे पाणी अडतं आणि मोकळ्या फटीतून जोराने निघतं. त्या फटी चालायला सोप्या दिसतात, पण तिथेच पाय उडतो.

भिंतीविषयी: माणसांच्या वजनाची काळजी सोडा. पाचशे माणसं सरासरी ६० किलोची धरली तर ३० टन. तेवढं वजन तेरा घनमीटर दगडी बांधकामाचं होतं, म्हणजे भिंतीच्या मानाने किरकोळ. भिंतीवर खरा रेटा पाण्याचा, आणि तो उंचीच्या वर्गाने वाढतो: ४ मीटर पाण्याचा दर मीटर लांबीला ८ टन, ८ मीटरचा ३२ टन. दगडी भिंत माथ्यावरून पाणी वाहण्यासाठीच बांधलेली असते, त्यामुळे ओसंडणं म्हणजे फुटण्याची सुरुवात नव्हे.

जुन्या दगडी भिंती बिघडतात त्या तीन कारणांनी. चुन्याचे सांधे झिरपणाऱ्या पाण्यात हळूहळू विरघळतात आणि दर्शनी बाजूला पांढरे ओघळ दिसतात. पिंपळ-उंबराची मुळं सांध्यात शिरून दगड सरकवतात. पायथ्याशी पडणारं पाणी खडक पोखरून भिंतीखाली शिरतं. पाझर स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही. पाझरातून गढूळ पाणी येऊ लागलं किंवा धार अचानक वाढली तर आतलं काहीतरी वाहून जातंय. असं दिसलं तर खालून बाजूला व्हा आणि तिथल्या पोलिसांना सांगा.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर, उदाहरणार्थ लांबी ५०० मीटर किंवा साठा दहा लाख घनमीटर असेल तर. त्याहून छोट्या बांधांची देखभाल पूर्णपणे मालकाच्या हातात राहते. छोटं धरण म्हणजे कमी धोका असा अर्थ त्यातून काढू नये. कुंडमळ्याचा पूलही छोटाच होता. १५ जून २०२५ ला याच इंद्रायणीवर तळेगावजवळ तो पर्यटकांसकट कोसळला आणि चार जण गेले. तिथे माणसांचं वजन महत्त्वाचं ठरलं, कारण तो गंजलेला लोखंडी पूल होता. म्हणून भुशीच्या वाटेवरचा साकव, कठडा, टपरीची फळी यांवर गर्दी करू नका. माझा भिंतीवर त्यांच्यापेक्षा जास्त विश्वास आहे.

भजीप्रेमी:

एवढं गणित करून कोण सहलीला जातं? पोलीस असतात, शिट्ट्या मारतात, ते उठवतील तेव्हा उठायचं. लाखो लोक बसून येतात.

सांडवा:

पोलीस गर्दी बघून उठवतात आणि शक्य तेव्हा पाणी बघूनही. पण शनिवारी दुपारी तिथे चार-पाच हजार लोक आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतके पोलीस असले तर शिट्टी पाण्याच्या आवाजात तळाच्या पायरीपर्यंत पोचत नाही. तुमची शिट्टी तुमच्या माणसाच्या तोंडात असू द्या, बाकी गणित विसरलं तरी चालेल.

साथरोग:

प्रश्न ३.

काकांना पाण्यात उतरवू नका. मधुमेह आणि उघडी जखम एकत्र असताना "वॉटरप्रूफ पट्टी लावून" वगैरे मध्यम मार्ग नाही. पट्टी दहा मिनिटांत सुटते आणि पायाची संवेदना कमी असेल तर काच लागलेलीही कळत नाही. त्यांना टपरीत चहा द्या.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे मलजन्य जिवाणू ५०० पर्यंत चांगलं आणि २५०० ही कमाल. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसतं यावरून यातलं काहीच कळत नाही. अंदाज मात्र बांधता येतो. पहिल्या दोन-तीन मोठ्या पावसांत डोंगरउतार, वाटा, जनावरांच्या जागा धुऊन येतात, तेव्हा पाणी सर्वांत घाण. सलग आठ-दहा दिवस पडून गेल्यावर ते पातळ होतं. म्हणून जूनअखेरपेक्षा जुलैचा दुसरा आठवडा बरा. त्यातही सकाळी लवकर, कारण दुपारपर्यंत वरच्या पायरीवरच्या प्रत्येकाचं अंग धुतलेलं पाणी तळाच्या पायरीवर येतं. तळाकडे बसा हा वरचा सल्ला सुरक्षेसाठी बरोबरच आहे, पण तिथे मुलांना तोंडात पाणी घेऊन चुळा भरायचे खेळ करू देऊ नका.

सर्वांत जास्त होणारी इजा: पायाला काच. बाटल्या दगडांच्या फटीत अडकून बसतात. अनवाणी नको. चप्पलही नको, ती वाहून जाते आणि माणूस तिच्या मागे जातो. टाचेला पट्टा असलेली रबरी तळव्याची सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट घाला. काच लागलीच तर पिण्याच्या पाण्याने पाच मिनिटं धुवा, दाबून रक्त थांबवा आणि धनुर्वाताच्या लसीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जिवाणूंमुळे येणारा ताप): उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून पाण्यात येतो, जखमेतून किंवा डोळे-नाकातून शिरतो. लक्षणं बहुतेकदा ५ ते १४ दिवसांनी, कधी महिन्यापर्यंत. ताप, पोटऱ्यांमध्ये तीव्र दुखणं, डोळे लाल. सहलीनंतरच्या महिनाभरात कोणालाही असा ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "पाण्यात बसून आलो होतो" हे सांगायचं. त्याने निदान लवकर होतं. डॉक्सिसायक्लिनच्या (त्यावरच्या अँटिबायोटिकच्या) गोळ्या सोसायटीच्या ग्रुपवर वाटू नका. लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांना ती सहसा देत नाहीत, कोणाला द्यायची ते डॉक्टर ठरवतील.

खाणं: कढईतून थेट आलेली भजी, भाजलेलं कणीस, उकळलेला चहा चालेल. कापून ठेवलेला कांदा, चटणी, गोळ्याचा बर्फ नको. पिण्याचं पाणी घरून, माणशी दीड लिटर.

मुलं कुडकुडायला लागली की ती "मजा येतेय" म्हणतात, ऐकू नका. जुलैत हवा २२-२३ अंश आणि वर वारा. ओठ निळसर, बोलणं अडखळतंय, म्हणजे लगेच कोरडे कपडे. पाऊण तास पाण्यात, मग बाहेर.

दोरखंड:

प्रश्न ४.

लाइफ जॅकेट पायऱ्यांवर उपयोगाचं नाही. पायऱ्यांवर माणूस बुडत नाही, घसरून डोकं किंवा कंबर आपटतो. जॅकेट घातलं की लोक धीट होऊन मध्ये जातात. जलाशयात तुम्ही जाणारच नाही आहात. तो खर्च वाचवा.

हे न्या: तरंगणारी पॉलिप्रॉपिलीनची दोरी ८-१० मिमी जाड, २० मीटर. एका टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन, त्यात तांब्याभर पाणी, म्हणजे फेकताना वजन येतं आणि तरीही तो तरंगतो. दोन शिट्ट्या. प्रथमोपचार पेटी. कोरडे टॉवेल बसमध्ये नाहीत, काठावर. मोबाइल एका माणसाकडे कोरडा आणि चार्ज केलेला. गर्दीत नेटवर्क जातं, म्हणून हरवल्यास भेटायची जागा आधीच ठरवा. मुलांच्या मनगटावर पालकाचा नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहा. एका मोठ्या माणसाकडे दोनच मुलं, नावानिशी, कागदावर. "सगळे मिळून बघू" म्हणजे कोणीच बघत नाही.

कपडे: साडी, ओढणी, घेरदार ड्रेस पाण्यात पायात अडकतो आणि प्रवाह कापड धरून ओढतो. जीन्स भिजून जड होते. आखूड, अंगासरशी काहीतरी घाला.

कोणी प्रवाहात गेलाच तर: मागून उडी नाही. एकाच्या जागी दोन मृत्यू होतात ते याच उडीमुळे. आधी ओरडा, मग पोहोचेल तर काठी, नाहीतर दोरी. दोरी त्याच्या अंगावर नाही, त्याच्या पलीकडे आणि थोडी वरच्या बाजूला टाका, म्हणजे प्रवाह ती त्याच्याकडे आणतो. फेकणाऱ्याने बसून, पाय रोवून धरायची. कमरेला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही. हात धरून माणसांची साखळी करण्याचा मोह होतो, पण निसरड्या दगडावर एक घसरला की सगळी साखळी जाते.

वाहून जाणाऱ्याने पाठीवर उताणं व्हायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, नाक वर. गुडघ्याखाली पाणी येईपर्यंत उभं राहायचं नाही. उभं राहायला जाताना पाय दगडांच्या फटीत अडकतो, मागून पाणी पाठीवर ढकलतं आणि मग गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो.

बाहेर काढलेला श्वास घेत नसेल तर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. आपल्याकडे हे सगळीकडे करतात. त्यात वेळ जातोच, शिवाय उलटी फुप्फुसात जाते. लगेच तोंडाने श्वास द्या, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हा क्रम मदत येईपर्यंत. दाब मोठ्यांना पाच सेंमी खोल, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीने. त्याच वेळी दुसऱ्याने ११२ किंवा १०८ लावायचा. शुद्धीवर आला, बोलतोय, तरी रुग्णालयात न्या. पाणी फुप्फुसात गेलं असेल तर काही तासांनी दम लागतो.

लोणावळ्यात शिवदुर्ग मित्रसारखी बचावाची जाणकार मंडळी आहेत, पण त्यांनाही कोंडीतूनच यावं लागतं. पहिली दहा मिनिटं तुमचीच.

मळ्यातला:

विषय थोडा बाजूचा आहे, पण इथे सांडव्याचे जाणकार आहेत म्हणून विचारतो. मावळात कृषी पर्यटन केंद्र आहे. ओढ्यावर मातीचा चार मीटर उंचीचा बांध, त्यात पायडलच्या दोन होड्या. पाहुणे म्हणतात, "भुशीसारखं पाणी बांधावरून सोडा, बसायला मजा येईल." एका कोपऱ्यात माथा थोडा खाली करून ते करता येईल का?

सांडवा:

नाही, अजिबात नाही. वर जे लिहिलं ते दगडी भिंतीसाठी. मातीच्या बांधाच्या माथ्यावरून पाणी गेलं की खालच्या उतारावर आधी घळ पडते, ती मागे सरकत माथ्यापर्यंत येते आणि बांध तासा-दोन तासांत जातो. त्यात माथा खाली केलात तर पाणी कुठून फोडायचं हे तुम्हीच दाखवून दिलं.

सांडवा बांधाच्या अंगावर नको, बाजूच्या कठीण मुरमात किंवा खडकात खोदलेला हवा आणि त्याचं पाणी बांधाच्या पायथ्याला न लागता ओढ्यात जायला हवं. पूर आलेला असतानाही पाण्याची पातळी आणि बांधाचा माथा यांत किमान एक मीटर अंतर ठेवा. सांडव्यात मासे अडवायला जाळी लावतात, ती पहिल्या पुरात काड्यांनी तुंबते आणि पाणी बांधावर चढतं. लावली असेल तर आजच काढा.

पावसाळ्यात रोज एकदा बांधाच्या खालच्या बाजूने चाला. गवत आखूड ठेवा, नाहीतर काही दिसत नाही. झाडं वाढू देऊ नका, मूळ कुजलं की नळी तयार होते. उंदीर-घुशी-खेकड्यांची बिळं खणून चिकणमातीने थरावर थर ठोकून बुजवा, नुसती तोंडं बंद करून उपयोग नाही. (चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं तेव्हा तत्कालीन मंत्र्यांनी खापर खेकड्यांवर फोडलं होतं. गावकरी मात्र गळतीच्या तक्रारी आधीपासून करत होते.) माथ्यावर लांबीच्या दिशेने तडा, उतारावर फुगवटा, किंवा पायथ्याशी नवीन ओल दिसली की होड्या बंद आणि पाहुणे बांधावरून खाली.

पायथ्याला पाण्यासोबत बारीक माती उसळत असेल तर ते भोक दाबून बंद करू नका. पाणी दुसरीकडून फुटतं. त्यावर आधी जाडसर वाळूचा वीतभर थर, मग बारीक खडी, मग मोठे दगड टाका. पाणी येऊ द्यायचं, माती अडवायची. जोडीला पाण्याची पातळी उतरवा आणि ओढ्याच्या खालच्या वस्तीला लगेच कळवा. हे झाल्यावर अभियंत्याला बोलवा, आधी त्याची वाट बघत बसू नका.

पाहुण्यांना पाण्यात बसायचंच असेल तर सांडव्याच्या पुढच्या चरात, उन्हाळ्यात, घोटाभर पाण्यात बसवा. पावसाळ्यात नको.

सहलमंत्री:

सर्वांचे आभार. कमिटीत वाचून दाखवलं. शनिवार सोडून बुधवार ठरलाय, ३८ जण उरले, काका येतायत पण चहाला. शेवटचं एक: बसवाल्याला रद्द करायचं तर आदल्या रात्री आठपर्यंत सांगावं लागतं. तेव्हा ठरवायचं कशावरून?

घाटमाथा:

आदल्या दिवशी दुपारनंतर हवामान खात्याचा घाटभागाचा ताजा इशारा येतो, निर्णय त्यावर. पिवळा किंवा हिरवा असेल तर बस ठेवा. नारंगी असेल तर आठच्या आत रद्द. सकाळी सहाला परत बघा. रात्रीत नारंगी झाला तर बस तशीच कार्ल्याच्या लेण्यांकडे वळवा. तिथेही पायऱ्या निसरड्या असतात, पण किमान पाण्यात बसायचं नसतं. आणि लोणावळ्यात पोचल्यावर नाक्यावरच्या पोलिसाला विचारा, "पायऱ्यांवर सोडताय का?" तो "नाही" म्हणाला तर मागच्या वाटेने नेतो म्हणणारा कोणीतरी लगेच भेटेल. त्याच्याबरोबर जाऊ नका, ती वाट धबधब्याकडेच निघते.